गोमचंदाखालची लाल रेष

११ मार्च, मंगळवार

नाही, माझा चष्मा बदलायला झालेला नाही. लाल रेष होती म्हणजे होती. गांडुळासारखी वळवळणारी, आणि बरोबर आपल्याच नावाखाली.

हेमाली, म्हणजे माझी सून, लॅपटॉपवर आपल्या मसाल्याची माहिती लिहीत बसलेली. ऑनलाईन विकायचाय म्हणे. मी आजवर कोपरमध्ये दारात बसून विकला, कुणाचं काही अडलं नाही. पण हौस तिला. मी मागे उभी राहिलेले. इंग्रजी मला एकेक अक्षर जुळवून वाचता येतं, आणि मसाल्याचं नाव गोमचंदा तर येतंच, पाकिटावर रोज बघते. त्याच्याखाली ही रेष.

म्हटलं, "काय गो, चुकीचं लिहिलंस?"

"नाही आई, बरोबर आहे. ब्राउझरला हे नाव माहीत नाही, म्हणून तो रेष मारतो."

"हा कोण?"

"ज्यात आपण लिहितोय तो. इंटरनेटची खिडकी समजा."

खिडकीला आपल्या नावाशी काय करायचंय? म्हटलं, टूथपेस्टचं नाव टाक बघू. टाकलं. रेष नाही. थंड पेयाचं टाक. नाही. मग आमच्या घरात येतो त्या साबणाचं टाकायला लावलं, तर त्याच्याखाली आली! तो साबण माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. म्हणजे इथे पण वशिला चालतो.

हेमाली हसली. "मोठ्यांची नावं त्याला आधीच शिकवलेली असतात आई. सगळ्यांची नाही. नवीन सुनेला गावात कोण ओळखतं? तसंच."

टोमणा होता तो. मला कळतात.

मग म्हणाली, "एका बटणाने जाते ही रेष. हे नाव लक्षात ठेव असं सांगायचं, की त्या मशीनवर परत येत नाही. पण मी मुद्दाम सांगत नाही. कुठल्या पुस्तकात नसलेलं नाव म्हणजे दुसऱ्या कुणाचं नसलेलं नाव. रेष दिसली की मला बरं वाटतं."

बरं वाटतं! आमच्या शाळेत लाल रेष आली की छडी बसायची. चौथीपर्यंत मला पुरेशा बसल्या. आणि हिला बरं वाटतं. काही लपवायचं असलं की माणूस असं गोल गोल बोलतो.

प्रीतमला सांगितलं. माझा मुलगा, पण कंपनीतून आला की जेवतो आणि आडवा होतो. म्हणाला, "आई, ती बघेल ना."

ती बघेल. तीच तर पंचाईत आहे.


१३ मार्च, होळी

सकाळी दर्शनच्या दुकानात गेलेले. दर्शन माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. आई लवकर गेली त्याची, माझ्या हातचं खाऊन वाढला. आता स्टेशनरोडला स्टिकर आणि बॅनरचं दुकान आहे. आपली लेबलं तोच छापतो.

तो पाकीटवाल्याला मेल लिहीत होता. मी वाकून बघितलं. तीच खिडकी, तेच नाव. आणि रेष नाही!

"रे, तुझ्याकडे लाल रेष येत नाही?"

"कसली रेष काकी?"

"काय नाय. लिही तू."

खरं सांगते, जिवाला गार वाटलं. आपल्या रक्ताच्या माणसाच्या मशीनने नाव मानलं. घरातल्या मशीनला ते परकं. हेमालीने काहीतरी अर्धवट करून ठेवलंय, नाहीतर पुरं करायचंच नाहीये तिला.

दर्शनचं लग्न मे महिन्यात. मुलगी कल्याणची. वरमाय मी. दोन बायका कुजबुजलेल्या, विधवा बाई कशी उभी राहणार म्हणून. दर्शनने भर बैठकीत ऐकवलं, "माझी वरमाय काकीच. ज्याला पटत नाही त्याने जेवायला येऊ नये." पोरगं तोंडाळ आहे, पण मनाने सरळ. हळदीच्या जेवणाचा मसाला माझ्या हातचा असणार, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी होळीत नारळ टाकला. माझे मालक गोमाजी असताना तेच टाकायचे. होडी विकली त्या वर्षी पण टाकला त्यांनी, आणि घरी येऊन जेवले नाहीत.


१९ मार्च, बुधवार

हेमाली आज पुन्हा ठाण्याला गेलेली. मागच्या बुधवारी पण. कुठे, तर टेंभी नाक्याला. कशाला, तर "काम आहे आई." चांगली साडी नेसून कामाला जातात का?

आल्यावर फाईल काढली. प्लास्टिकची कव्हरं, पिवळ्या चिठ्ठ्या, काय काय. "आई, तुमचं आधार कार्ड लागेल. आणि दोन ठिकाणी सही. गोमचंदा तुमच्या नावावर करून घेऊ."

"ते माझंच आहे. अर्धं माझ्या नवऱ्याचं, अर्धं माझं. आपलंच नाव आपल्या नावावर करायला सही कशाला?"

"कायद्याने करावं लागतं. आपण नाही केलं तर उद्या दुसरं कोणी…"

"कोण दुसरं?"

फाईलचं पान उलटलं. मग पुन्हा सुरू. वापर कधीपासून, पुरावा काय, नोंदणी कशी. माझं दूध उतू गेलं ऐकता ऐकता. जो इतक्या फायली करतो त्याच्या मनात काहीतरी असतंच. माझी आजी नेहमी एकच गोष्ट सांगायची: भाव न विचारता बोलत बसणारं गिऱ्हाईक आधी टोपली बघत नाही, गल्ला बघतं.

सही दिली नाही. तिने लॅपटॉप मिटला, टोपावर झाकण टाकावं तसा.

तिचं माहेर माजिवड्याला. भाऊ सलिल. दिवाळीत आलेला तेव्हा म्हणालेला, "पॅकिंगचं मशीन टाकलं ना ताई, तर धंदा कुठल्या कुठे जाईल." मी विसरलेली नाही.


२४ मार्च

मारुतीच्या डंकावर पहिला मसाला कुटून आणला. नाक अजून झोंबतंय.

मोसमात डंकावर सगळ्या घरांचे पत्र्याचे डबे ओळीने उभे असतात. भाजलेल्या मिरच्या सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. डबा बदलला की भांडण. म्हणून मारुती डब्यावर रंगाने घराचं नाव घालतो. आमच्या पाड्यात गोमाजी दोन. मग याने आमच्या डब्यावर गोमाजीतला गोम घेतला आणि माझ्या चंद्रभागा नावाची केली चंदा. झालं गोमचंदा. पुढे बायका डब्यावर वाचून म्हणायला लागल्या, गोमचंदाचा मसाला द्या. आम्ही काही नाव ठेवलं नव्हतं. नावानेच आम्हाला ठेवलं.

हेमाली सोबत आलेली. देठ खुडायला कधी बसली नाही, पण आज आली. आणि डब्याचे फोटो काढत सुटली. पुढून, मागून, कडीचा, गंजाचा.

मारुतीला विचारते, "काका, हे नाव कधी रंगवलंत?"

मारुती म्हणाला, "कवा ते काय सांगू पोरी. तवा माझ्या डोक्यावर केस होते."

"म्हणजे साधारण कधी?"

"गेले तवा बायको पण विचारत होती."

सगळ्या हसल्या. ही मात्र लिहून घेत होती. "लिहून द्याल का काका तसं? साक्ष म्हणून?"

"केस गेल्याची?"

मी घरी येताना विचारलं, डब्याचे फोटो कशाला. म्हणे, "लागतील." चोर पण आधी घर बघून जातो.


३० मार्च, पाडवा

दर्शन श्रीखंड घेऊन आलेला. पाया पडला. मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "काकी, इथे सही कर. नवीन लेबल छापायची परवानगी आहे, प्रेसवाला मागतो हल्ली."

फाईल नाही, चिठ्ठ्या नाहीत, भाषण नाही. ओट्यावर कागद ठेवला, पिठाचा हात पुसला, केली सही. दोन मिनिटांचं काम. असं असावं माणसाने.

"सासरचे खूश आहेत काकी," म्हणाला. "त्यांना सांगितलंय, गोमचंदा म्हणजे आपला ब्रँड. मेव्हणा तर म्हणतो, मी पण उतरतो धंद्यात."

ऐकून ऊर भरून आला. गोमाजींचं नाव कल्याणच्या घरात पोचलं.

तेवढ्यात हेमाली गुढीला गाठी बांधून आत आली. "कसली सही आई?"

"तुला काय करायचंय?"

दर्शन लगेच उठला. श्रीखंडाची वाटी तशीच. सणाच्या दिवशी पण घाई असते बिचाऱ्याला.


४ एप्रिल

संकेश्वरी वाळली. बेडगी अजून दमट. कावळ्यांना मिरची लागत नाही का, देव जाणे. बाकी काही नाही.


९ एप्रिल, बुधवार

सकाळी कल्याणहून विनिताबाईंचा फोन. जुनं गिऱ्हाईक. नमस्कार नाही, काही नाही. "चंद्रभागाताई, हात बिघडला काय तुमचा?"

"का हो?"

"कालवणाला नुसता रंग. वास शिळा. माझे मिस्टर म्हणाले, बाई म्हातारी झाली वाटतं."

मी या वर्षी त्यांना अजून मसाला दिलेलाच नाही. दुकानातून आणला म्हणाल्या. त्यांनी हेमालीच्या फोनवर पाकिटाचा फोटो पाठवला. नाव आपलं. पाकीट आपलं नाही. चकचकीत, वर मासोळीचं चित्र, खाली कल्याण लिहिलेलं.

मी आयुष्यात शिळा मसाला विकला नाही. पावसात ओलसर झाला तर खाडीत टाकला, पण विकला नाही. आणि आता माझ्या नावाने कोणीतरी भुसा विकतोय.

सरळ विचारलं, "तुझा भाऊ?"

हेमालीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, सलिल माजिवड्याला राहतो. आणि त्याला धणे कुठले नि जिरं कुठलं, हे ओळखता येत नाही."

"माणसं ठेवता येतात. तुला कृती माहीत आहे."

"तुम्ही मला कृती कधी सांगितलीत?"

खरं होतं. सांगितलेली नाही. पण भांडणात हे कोण कबूल करतं? म्हटलं, "बघून शिकली असशील."

मग तिचा आवाज बदलला. "पाडव्याला सही कशावर केलीत?"

"लेबलाच्या परवानगीवर."

"वाचलंत?"

"घरच्या माणसाचा कागद वाचतात का?"

ती खाली बसली. भिंतीला टेकून. मग लॅपटॉप घेतला, बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. "आई, गोमचंदा या नावासाठी अर्ज गेलाय. पाडव्यानंतर. मी तुमच्या सहीसाठी थांबले आणि तोवर दुसऱ्याने केला."

"कोणी?"

तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "मी सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. तुम्हीच वाचा."

मी म्हटलं, फिरव तिकडे. इंग्रजी आहे सगळं, मी नाही वाचत. आणि कॉम्प्युटरवर काय, कोणी काहीही लिहितं.

नावाखाली मात्र रेष होती अजून, हेमाली जिथे स्वतः लिहीत होती तिथे. तेवढी दिसली.


१२ एप्रिल, शनिवार

बोंबील साफ करत होते. हाताला काम असलं की डोकं नीट चालतं.

हेमाली म्हणाली होती, मशीनला शिकवावं लागतं. बटण दाबून सांगावं लागतं, हे नाव लक्षात ठेव. मग दर्शनच्या मशीनला कोणी शिकवलं? लेबलं तो दुसऱ्याच चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये करतो, ते मी शंभरदा बघितलंय. या खिडकीत तो कधीतरी एखादा मेल लिहिणार. एका मेलसाठी रेष कोण घालवत बसतं? रेषेचा वैताग कुणाला येईल? जो तेच नाव पुन्हा पुन्हा लिहितो त्याला.

तरी म्हटलं, हेमालीनेच केलं असेल. तिचा हात आहेच कुठेतरी. बोंबील तसेच टाकून गेले दुकानात.

"रे दर्शन, तुझ्या मशीनवर आपल्या नावाखाली रेष का येत नाही?"

तो स्टिकर कापत होता. कात्री थांबली. "हे काय आणि काकी?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"अगं, ती हेमालीवहिनी आलेली मागे एकदा. इथे बसून काहीतरी टाईप करत होती. तिनेच घालवली असेल."

म्हणाला आणि हसला. लहानपणी साखरेच्या डब्यातून हात काढल्यावर असाच हसायचा, आणि म्हणायचा मांजर आलेलं.

आज सकाळीसुद्धा हेमालीच्या लॅपटॉपवर ती रेष होती. मी स्वतः बघितली. ज्या बाईला ती बघून बरं वाटतं, जी स्वतःच्या मशीनवर राखून ठेवते, ती दुसऱ्याच्या दुकानात बसून पुसेल? मी काय कालची आलेली आहे?

मला आणखी काही विचारायला लागलं नाही. भिंतीपाशी खोका होता. त्यातून चकचकीत पाकिटांचं टोक दिसत होतं, मासोळीची शेपटी.

म्हटलं, "शटर अर्धं ओढ."

"काकी, सासरच्यांना मी शब्द दिलेला. धंदा काय करतो विचारलं तर काय सांगणार, बॅनर चिकटवतो? मला फक्त…"

"ओढ."

ओढलं.

पुढे काय बोलले ते लिहीत नाही.

येताना तो घडीचा कागद घेऊन आले. अर्ज मागे घेतो म्हणालाय. पाकिटं पण दुकानांतून परत आणणार. मी बघते कसा नाही आणत ते.

कागद हेमालीच्या लॅपटॉपवर ठेवला. तिने उलगडला, वाचला: गोमचंदा हे नाव दर्शनला देते, खाली माझी सही. "आई, हा कसा दिला त्याने?"

"दिला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बोंबील कुरकुरीत हवेत की मऊ?"

तिला कुरकुरीत लागतात. तसेच तळले.


१६ एप्रिल, बुधवार

आज मी पण टेंभी नाक्याला. हेमालीबरोबर. डबा मांडीवर घेऊन. रिक्षावाला म्हणाला, "आजी, गावाला निघालात?" म्हटलं, "कोर्टात."

वकील बाई निघाली. वर्षाली नाव. हेमालीची शाळेतली मैत्रीण, म्हणून पैसे नंतर द्या म्हणते. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं असं हेमालीचं म्हणणं.

डबा तिच्या काचेच्या टेबलावर ठेवला. तेलाचं वर्तुळ उमटलं. तिने पुसलं नाही, म्हणून बाई मला बरी वाटली. मारुतीने लिहून दिलेला कागद पण हेमालीने काढला. त्यात केसांचं पण लिहिलंय मूर्खाने.

बाई टाईप करायला लागली. माझं नाव, पत्ता, मग गोमचंदा. खाली लाल रेष. ती म्हणाली, "थांबा, ही काढून टाकते, उगाच डोळ्यात खुपते." माऊसकडे हात गेला.

मी हात धरला तिचा. "राहू दे. आमच्या हेमालीला बघून बरं वाटतं."

हेमाली खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सह्या केल्या. या वेळी प्रत्येक कागद वाचून घेतला. वकील बाईला तीन अशिलं बाहेर बसवून ठेवावी लागली, बसू देत.

शेवटी बाई म्हणाली, "समोरचा अर्ज मागे घेतोय हे चांगलंच. पण एकदम कसा तयार झाला? पुतण्याच ना तो? काय झालं ते मला सांगून ठेवा काकू. उद्या तो उलटला तर उपयोगी पडेल."

"उलटणार नाही."

"पण कशावरून?"

"दुसरा कागद आहे का सहीचा?"

येताना हेमालीने विचारलं. घरी आल्यावर प्रीतमने उठून बसून विचारलं. जेवायच्या आधी! एवढा जागा तर तो स्वतःच्या लग्नात नव्हता.


१७ एप्रिल, गुरुवार

डंकावर गेलेले. मारुती म्हणाला, "वहिनी, तुमचा तर झाला ना मसाला? या मिरच्या कसल्या?"

"दर्शनच्या हळदीच्या."

त्याने मशीन बंद केलं. गावात बातमी पोचलेली दिसते. "म्हंजी तुम्ही… वरमाय तुम्हीच?"

"डंक चालू कर."

"नाय, पण वहिनी, काय बोलला त्याला? तो पोरगा काल हितून मान खाली घालून गेला. मला बघून थांबला, नि डब्यांच्या ओळीकडं बघत उभा राहिला. रडवलात काय त्याला?"

हेमाली देठ खुडत बसलेली. डोळे चोळत होती. नवीन माणूस मिरचीचा हात डोळ्याला लावतोच. तिला म्हटलं, पदराने पूस, हाताने नको. आणि भाजताना माझ्याजवळ उभी राहा, धणे किती आणि कधी ते बघून ठेव.

ती कान देऊन बसलेली. मारुती पण. आजूबाजूच्या चार बायका पण, डबे धरून.

अर्ध्या शटरच्या आत काय बोलणं झालं ते माझं आणि त्याचं. कुणाला सांगणार नाही. इथेही लिहिणार नाही.